पुढचं नको, मागचं दाखवा

चिटणीस साहेबांनी भेंडीची टोकं मोडली नाहीत असा एकही रविवार मला आठवत नाही. विकत मात्र क्वचितच घेतली. पिंपरीच्या जुन्या मंडईत ते भेंडीच्या ढिगासमोर उकिडवे बसत, एकेक भेंडी उचलून अंगठ्यानं तिचं शेपूट कट्कन मोडत, मोडताना मान तिरकी करून आवाज ऐकत, आणि 'नापास' म्हणून ती परत ढिगात टाकत. उठताना गुडघ्यांवर हात टेकून विकणाऱ्या बाईकडे असं बघत, की जणू तिनंच ती भेंडी रात्रभर जागून बिघडवली. हा शेपूटतुटका माल तिनं कुणाच्या गळ्यात मारायचा, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

मला ते पहिल्यापासून आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. संत तुकाराम नगरातल्या आमच्या जुन्या सोसायटीत ते समोरच्याच दारात राहायचे, त्यामुळे त्यांना टाळणं शक्य नव्हतं. सकाळी मी कामावर निघाले की जिन्यात गाठ पडायची आणि माझ्या डब्याकडे बघून ते विचारायचे, "आज काय?" मी सांगायचे. मग ते नुसतं "हं" म्हणायचे. त्या एका 'हं'मध्ये माझी भाजी, माझं तेल, माझं माहेर, सगळं निकालात निघायचं.

नोकरीत ते एका मोठ्या कंपनीत क्वालिटीला होते. यंत्रातून निघालेला सुटा भाग हातात घ्यायचा, माप तपासायचं गेज लावायचं आणि पसंत नसेल तर त्याच्यावर लाल चिठ्ठी चिकटवायची, यात त्यांची हयात गेली. शॉपवरची, म्हणजे यंत्रांवर काम करणारी माणसं आपल्याला कशी टरकून असत हे ते स्वतःच सांगत, आणि सांगताना त्यांचा चेहरा फुलत असे. निवृत्त झाल्यावर लाल चिठ्ठ्या कंपनीत राहिल्या, हाताची सवय घरी आली. पहिले काही महिने त्यांच्या पत्नी, मालतीकाकू, त्या सवयीखाली भरडून निघाल्या. पोळीची कड जाड, आमटीला फोडणी उशिरा, चहा कालच्यापेक्षा पातळ. शेवटी काकूंनीच त्यांच्या हातात पिशवी दिली आणि मंडईचा रस्ता दाखवला. स्वतःची सुटका केली आणि अख्ख्या बाजारावर हे संकट सोडलं.

जुनी मंडई ही काही नटवलेली जागा नाही. पत्र्याची शेड, खाली सिमेंटचे ओटे, ओट्यांवर गावातल्या जुन्या घरांतल्या बायका, आणि बाहेर रस्त्यावर पोतं अंथरून बसलेली बीड-लातूरकडून आलेली माणसं. मागच्या गल्लीत मासळी, पुढे वाळवणाची आणि मसाल्याची रांग, त्यापलीकडे पिंपरी कॅम्पातली पापड-लोणच्यांची दुकानं. उन्हाळ्यात चाकणच्या बाजूची मिरची आली की त्या रांगेतून कुणी न शिंकता जात नाही. साहेब या सगळ्यातून इस्त्रीचा शर्ट घालून, हात पाठीमागे बांधून चालत. मासळीच्या गल्लीत बोटाच्या टोकानं माशाचा कल्ला उचलून बघत आणि तेच बोट शेजारच्याच्या फडक्याला पुसत. विचारायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती.

"पुढचं नको, मागचं दाखवा" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. विकणारा जे पुढं करतो ते खराब आणि जे झाकतो ते चांगलं, असा त्यांचा सिद्धांत होता. पोत्यामागचं पोतं, टोपलीखालची टोपली, गोणपाटाखालचा कोपरा, तिथं हात घातल्याशिवाय त्यांना खरेदी केल्यासारखं वाटायचं नाही. पण बाजार काही दुधखुळा नसतो. साहेब कोपऱ्यावर दिसले की चांगला माल पुढं यायचा आणि टाकाऊ मागं जायचा. एका फळवाल्यानं मला हसत हसत सांगितलं, "ताई, त्यांच्यासाठी दबलेले चिकू मी येगळे काढून मागं ठेवतो. लई खूश होऊन जातेत." साहेब ते चिकू मोठा गड जिंकल्यासारखे घरी आणायचे आणि काकू ते गुपचूप कोपऱ्यावरच्या गाईला घालायच्या.

या खेळात एकटी शेवंताबाई कधी पडली नाही. वाळवणाच्या रांगेत तिचा ओटा होता. सुकं खोबरं, सुंठ, हळकुंडं, डाळी. ती पिंपरीगावातली जुनी रहिवासी. सासऱ्यांच्या शेतावर कंपनी उभी राहिली, दिरांनी आपापलं बघितलं, आणि नवऱ्यामागं तिच्याकडे राहिला तो हा एक ओटा. साहेबांनी तिला पहिल्यांदा "मागचं दाखवा" म्हटलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "सायेब, मागं भित हाय. दाखवू?" आजूबाजूच्या बायका हसल्या. साहेबांनी तो अपमान मनात ठेवला, पण तिच्याकडे जायचं सोडलं नाही. कारण बाकीच्यांचं खोबरं कसं असतं हे त्यांनाही ठाऊक होतं.

पुढे त्यांनी रविवारी सकाळी शिकवणीच सुरू केली. भाचा हिंजवडीला कामाला होता, मारुंजीत भाड्यानं राहायचा. त्याचे मित्रमैत्रिणी, कुणी नागपूरचे, कुणी सोलापूरचे, यांना साहेब मंडई दाखवायला न्यायचे. ती पोरं बिचारी पोह्यांच्या आशेनं येत. साहेब त्यांना ओट्याओट्यापाशी थांबवून, समोर बसलेल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात, हा कसा फसवतो हे समजावून सांगत. पोरं फोनवर फोटो काढत. मी एकदा काकूंच्या आग्रहाखातर बरोबर गेले होते. त्या दिवशी एका नागपूरच्या मुलीनं सरळ पुढच्या ढिगातली मेथी घेतली, कारण विकणारी म्हणाली, पहाटेच खुडलीय. बाहेर लावलेल्या स्कूटरपाशी येईपर्यंत साहेब तिच्याशी बोलले नाहीत. तिथं पोचल्यावर म्हणाले, "माणसाच्या शब्दावर माल घेतलास? मग देवानं नाक-डोळे कशाला दिलेत?"

मुलगी ओशाळून हसली. मेथी चांगली होती, हे मी काकूंना मुद्दाम सांगितलं.

मग तो आजार आला. आमच्या सोसायटीत जवळजवळ प्रत्येक दाराशी थांबला तसा साहेबांच्याही दाराशी थांबला आणि गेला. साहेब बरे झाले. महिन्याभरानं पुन्हा इस्त्रीचा शर्ट, पाठीमागे हात, मंडई. काहीच बदललं नाही असं आम्हाला वाटलं.

एका दुपारी काकू माझ्याकडे वाटीभर विरजण मागायला आल्या आणि बोलत बसल्या. थोड्या वेळानं करपल्याचा वास यायला लागला. त्यांच्याच घरातून येत होता. मी धावत गेले. गॅसवर दूध आटून पातेलं काळं पडलं होतं, जिन्यात उभं राहवत नव्हतं, आणि साहेब स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी गॅस बंद केला तेव्हा त्यांनी पेपर खाली घेतला आणि म्हणाले, "दूध उतू गेलं का?"

संध्याकाळी काकूंनी मला सगळं सांगितलं. आजारपणात वास गेला तो परत आलाच नव्हता. जिभेला गोड-खारट-तिखट कळायचं, पण चव अशी काही राहिली नव्हती. जेवताना नुसता घास ढकलत. डॉक्टरांनी येईल म्हटलं, आला नाही. "कुणाला सांगू नकोस गं," काकू म्हणाल्या. "त्यांना वाटतं, हे लोकांना कळलं तर आपल्याकडे मग राहिलं काय?"

मी शब्द दिला. पण पुढच्याच रविवारी मंडईत मी त्यांना आंब्याच्या पेटीपाशी पाहिलं. आंबा उचलला, देठ नाकाशी नेला, डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला. भोवती ती मारुंजीची पोरं. साहेबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "कर्नाटकी. नापास." आंबेवाला बिचारा हापूसच आहे म्हणून शपथा घेत होता. मला इतकी किळस आली की काय सांगू. माणसाचं काही गेलं तर मला वाईट वाटतंच, एवढी काही मी दुष्ट नाही. पण गेलेल्या गोष्टीच्या जोरावर दुसऱ्याला रोज खाली बघायला लावायचं, याला काय म्हणायचं? काकूंना शब्द दिला नसता तर तिथंच तोंड उघडलं असतं.

आमच्या पार्किंगच्या कडेला एक छोटा मारुती आहे. दर हनुमान जयंतीला सूर्य उगवताना जन्म होतो आणि सुंठवडा वाटला जातो. त्या वर्षी सेक्रेटरींना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर केलं की यंदाचा माल चिटणीस साहेब स्वतः निवडून आणणार. साहेबांना आभाळ ठेंगणं झालं. काकू त्या आठवड्यात मुलीकडे दिघीला होत्या. साहेब एकटेच मंडईत गेले आणि सुंठ, खोबरं घेऊन आले. बायकांनी ते किसलं, भाजलं, कुटलं. त्यातल्या एकीला वास थोडा वेगळा वाटला म्हणे. पण दुसरी म्हणाली, साहेबांनी पारखून आणलंय, गावठी खोबरं असंच असतं. मग त्या पहिलीलाही ते गावठी वाटायला लागलं.

सकाळी जन्म झाला, घंटा वाजली, द्रोण फिरले. सुंठवडा घशाशी चरचरत होता, पण सुंठ म्हटल्यावर चरचरणारच. 'काय अस्सल चव आहे', 'हल्ली असं मिळत नाही', 'माझ्या आजोळची आठवण आली', असं जो तो एकमेकांना सांगत होता. साहेब मारुतीच्या बाजूला उभे राहून नमस्कार स्वीकारत होते, त्यातले अर्धे मारुतीचे होते. लोकांनी दोन-दोन द्रोण घेतले. मीही घेतले.

दुसऱ्या दिवशी सगळी सोसायटी खोकत होती. कुणाचा घसा बसला, कुणाचं पोट बिघडलं, दोन्ही जिन्यांतून नुसता ठसका ऐकू येत होता. मग एकेकाला आठवायला लागलं की आपल्याला तेव्हाच शंका आली होती. दुपारपर्यंत ग्रुपवर निष्कर्ष निघाला, खोबरं खवट होतं. संध्याकाळपर्यंत गुन्हेगारही सापडला. साहेबांनी जिच्याकडून खोबरं आणलं ती वाळवणाच्या रांगेतली म्हातारी, शेवंताबाई. एकानं लिहिलं, ही माणसं असाच माल खपवतात. दुसऱ्यानं लिहिलं, हिला तिथून उठवलं पाहिजे. सेक्रेटरींनी जाहीर केलं की मंडईच्या कचेरीत सह्यांचा अर्ज द्यायचा, तिचा ओटा काढून घ्या म्हणून. कचेरीत एकाची ओळख होती, त्यामुळे काम होणार हे सगळे धरूनच चालले होते. आणि साहेबांनी लिहिलं, 'बाजारात विश्वासू माणसं राहिली नाहीत.'

ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर मंडईत गेले. शेवंताबाईच्या कानावर सगळं आलेलं होतं. ती डाळ पाखडत होती, पाखडता पाखडताच बोलली.

"त्यांनीच मागचं, भितीला लावल्यालं पोतं वढलं. म्या म्हनलं, सायेब त्ये खवट हाय, तेलवाल्याला द्यायचं हाय. ह्ये म्होरलं घ्या. तर म्हनले, मला शिकवू नका. नाकाला लावलं आन् म्हनले, हेच पायजे. मला वाटलं, आसंल बाबा काई कामाचं. रोज रोज किती भांडायचं?"

मी विचारलं, हे तुम्ही कुणाला सांगितलं का? ती म्हणाली, कोण ऐकून घेईल. सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "ह्यो वटा गेला तर मी कुठं बसू, सांगा मला. भाईर रस्त्यावर? ह्या वयात?"

घरी येताना मी ठरवलं, काकूंना दिलेला शब्द गेला खड्ड्यात. रविवारी सह्यांची बैठक आहे, तिथं सगळ्यांसमोर बोलायचं.

बैठक पार्किंगमध्येच होती, मारुतीसमोर. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. काकू परत आल्या होत्या आणि पुढच्या रांगेत बसल्या होत्या, साहेब अगदी मागे. सेक्रेटरींनी अर्ज वाचून दाखवला. त्यात शेवंताबाईचं वर्णन असं होतं, की ऐकणाऱ्याला वाटावं ही बाई गेली कित्येक वर्षं लोकांना विष घालते आहे. लोक माना डोलवत होते. पेन फिरायला लागला. मी उठायला म्हणून खुर्चीचा हात धरला, तेवढ्यात मागून साहेबांचा आवाज आला.

"थांबा. सही करू नका."

सगळ्यांनी माना वळवल्या. साहेब उभे होते. हात नेहमीसारखे पाठीमागे.

"त्या बाईनं मला ते पोतं घेऊ नका म्हणून सांगितलं होतं. खवट आहे, असं स्पष्ट सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मला वाटलं, चांगला माल लपवतेय." काकू मान खाली घालून बसल्या होत्या. "मला वास येत नाही. आजारी पडलो तेव्हापासून येत नाही. कशाचाच नाही."

सेक्रेटरींच्या तोंडावर दया गोळा व्हायला लागली होती, ते काहीतरी समजुतीचं बोलणार असं दिसत होतं. साहेबांनी त्यांना ती संधी दिली नाही.

"पण तुम्हाला येतो ना?" ते म्हणाले. "सगळ्यांची नाकं शाबूत आहेत. मग दोन-दोन द्रोण कसे गेले?"

आणि त्यांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, सावकाश, एकही न सोडता, माझ्याही. कंपनीत लाल चिठ्ठी लावताना ते कसे बघत असतील ते मला तेव्हा कळलं. कुणाला तरी ठसका आला आणि त्यानं तो तोंडावर रुमाल धरून दाबला. साहेबांनी खुर्ची उचलून भिंतीला लावून ठेवली, मग काकूंना हात देऊन उठवलं आणि दोघं जिना चढून गेले.

मी आयुष्यात इतका उद्धट कबुलीजबाब ऐकलेला नाही.

अर्ज पुढे गेला नाही. सेक्रेटरींनी घडी घालून खिशात ठेवला आणि रात्री ग्रुपवर 'विषय संपला' असं लिहून खाली हात जोडलेलं चित्र टाकलं. शेवंताबाईची माफी मागायला जावं असं सोसायटीतल्या एकालाही वाटलं नाही. उलट लोक साहेबांवरच चिडले. खोटेपणावर नव्हे, तर त्या द्रोणांच्या प्रश्नावर. इतके दिवस फसवलं म्हणून कुणी बोललं नाही, पण चारचौघांत असं विचारतात का, हे मात्र आठवडाभर चाललं. आमची माणसं अशीच आहेत. त्यांना काहीही खायला घाला, फक्त नंतर विचारू नका.

शेवंताबाईला मी जाऊन सांगितलं, ओटा राहिला, साहेबांनीच सांगितलं सगळ्यांसमोर. तिला आनंद झाला असेल, पण तिनं तो मला दाखवला नाही. "तिथं बोलले ना," ती म्हणाली, "पर नाव तर हितं घालवलं माझं. हितं येऊन बोला म्हनावं." मी निरोप काकूंकडे दिला. साहेबांनी तो ऐकला आणि पेपर वाचत राहिले, असं काकूंनी सांगितलं.

मारुंजीची पोरं यायची बंद झाली. साहेब मंडईत जायचे बंद झाले. जिन्यात भेटले तरी डब्याकडे बघत नसत. मला ते बरं वाटायला हवं होतं, पण तो 'हं' ऐकू आला नाही की जिना ओका वाटायचा, हे खरं आहे. पावसाळ्याआधीच त्यांनी घर भाड्यानं द्यायचं ठरवलं आणि दोघं दिघीला मुलीकडे राहायला निघाले.

जायच्या आदल्या रविवारी मी मंडईत लिंबं घेत होते, तर वाळवणाच्या रांगेत साहेब दिसले. गर्दीची वेळ होती. शेवंताबाईच्या ओट्यासमोर चार-पाच गिऱ्हाइकं होती आणि साहेब त्यांच्या मागे रांग लावल्यासारखे उभे होते. नंबर आल्यावर ते बोलले. आवाज मुद्दाम मोठा काढला होता, शेजारच्या ओट्यांवर जाईल एवढा. "चूक माझी होती. तुम्ही सांगितलं होतं." बस, एवढंच. आजूबाजूच्या बायकांचे हात थांबले. शेवंताबाईनं समोरच्या पोत्यातली खोबऱ्याची एक वाटी उचलली, मोडली, एक तुकडा स्वतः हुंगला आणि दुसरा त्यांच्या हातावर ठेवला. सवयीनं त्यांचा हात नाकाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली.

त्यांनी पाव किलो मागितलं, ती देईल ते पिशवीत घेतलं आणि निघाले. माझ्या अगदी जवळून गेले, पण त्यांचं लक्ष नव्हतं. मिरची कुटायच्या गिरणीच्या कोपऱ्यावर येणारेजाणारे शिंकत, डोळे पुसत एकमेकांना ढकलत होते, तिथं ते कडेला उभे राहिले. मुठीतला तुकडा नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग तो तोंडात टाकला आणि हळूहळू चावत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.